आप्पांची चार कुळं

पहिल्या भेटीत आप्पांनी मला नमस्कार केला नाही. माझं मनगट धरलं.

माधवनगरच्या गिरणीत मी टाइमकीपर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळची गोष्ट. हजेरीच्या खिडकीपुढं रांग लागली होती. सहा फुटांच्या वर उंच, पण अंगावर मूठभर मांस नसलेला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, पुढं आला. त्यानं खिडकीतून हात आत घातला, माझं मनगट दोन बोटांत धरून जरा हलवून पाहिलं आणि मागच्या माणसाला सांगितलं, "यक्ष हाय. बळ दोन, अक्कल चार. हातात आल्याली वस्तू सोडत न्हाई."

मागच्या माणसानं मान डोलावली. सगळ्या रांगेनं डोलावली. मला वाटलं, नव्या माणसाची अशी थट्टा करायची इथं पद्धत असेल. आठवड्याभरानं कळलं की थट्टा नव्हती, माझी भरती झाली होती. आप्पांनी मला राक्षसांत घातलं नाही, ही गोष्ट मी आजही मनात धरून आहे.

हणमंत आप्पा म्हसवडकडचे. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. मेंढरं भावांच्या हवाली करून ते तरुणपणीच सांगलीकडं आले आणि गिरणीत मागांच्या खात्यात लागले. बिघडलेला माग ते नुसत्या आवाजावरून ओळखत. पण ते पोटापुरतं. त्यांचं खरं काम रविवारी दुपारी चालायचं. गिरणीच्या चाळीत त्यांच्या खोलीपुढं ओटा होता. जेवणं उरकली की तिथं सतरंजी पडायची, सहा कवड्या निघायच्या आणि आप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगायला लागायचे, "तुमी आता खिंडीत आलायसा. म्होरं धुकं. धुक्यात कोन तरी खोकतंय. बोला, काय करताय?"

हा त्यांचा खेळ. त्यांनीच रचलेला. पट नाही, सोंगट्या नाहीत. राक्षस, यक्ष, नाग आणि मानव अशी चार कुळं. प्रत्येकानं एक कूळ घ्यायचं आणि त्या कुळाचा होऊन आप्पांच्या गोष्टीत शिरायचं. आपण काय करणार ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितकं साधलं. डोंगरापलीकडं काहीतरी असायचं, तिथं जो पोचेल तो जिंकला. दुसऱ्या कुणी खेळ रचला असता तर पलीकडं सोन्याचे हंडे ठेवले असते. आप्पांच्या गोष्टीत पलीकडं दर वेळी पाण्यानं भरलेली विहीर असायची. माणदेशात वाढलेल्या माणसाला त्याहून मोठा खजिना सुचत नव्हता.

परवा माझे जावई परदेशातून एका खेळाचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. बुटके लोक, लांब कानांचे लोक, राक्षस. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक कूळ घेऊन खेळायचं. मोठ्या कौतुकानं मला समजावून सांगत होते. मी म्हटलं, "जावईबापू, हे आम्ही माधवनगरात सतरंजीवर बसून खेळलोय. तुमच्या पुस्तकवाल्यांना कवड्या ठाऊक नसाव्यात, एवढाच फरक." सासऱ्याचं आता वय झालं, अशा नजरेनं त्यांनी मुलीकडं पाहिलं. पाहू देत. पण आमच्या आप्पांनी कुठलंही पुस्तक न वाचता, मागांच्या खडखडाटात उभं राहून हा खेळ डोक्यातून काढला, याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

नुसता खेळ रचणं एक वेळ जमेल. आप्पांची बुद्धी दिसायची ती कुळं तोलण्यात. त्यांचं एक पालुपद होतं : "जोड बसली पायजे." जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, तेव्हा पंच सारख्या ताकदीचे दोन पैलवान हेरून समोरासमोर लावतात. त्याला आमच्याकडं जोड लावणं म्हणतात. खेळातली चारही कुळं एकमेकांना अशी तोलाची झाली पाहिजेत, कुठलंही घेतलं तरी जिंकायची आशा असली पाहिजे, असा आप्पांचा हट्ट. त्याची त्यांची रीतही ठरलेली : "जेवढा वर, तेवढी खोड." वरदान जेवढं मोठं, तेवढीच उणीवही मोठी. हे ते खेळाबाहेरही लावत. आमच्या मॅनेजरना बढती मिळाली तेव्हा सगळी गिरणी पेढे खात होती आणि आप्पा म्हणाले, "वर तर घावला. आता खोड कवा निघतीया बघायचं."

सुरुवातीला जो तो राक्षस व्हायला बघायचा, कारण राक्षसाचं बळ सहा. त्यात आमच्या खात्यातला गणपत तर दुसरं काही घ्यायलाच तयार नसे. आप्पांनी राक्षसाला खोड लावली : दर तिसऱ्या डावाला राक्षसानं जेवलंच पाहिजे, नाहीतर बळ निम्मं. गणपतनं नियम अंगाला लावून घेतला. दर तिसऱ्या डावाला तो खरोखरच आत जायचा आणि आप्पांच्या घरातून भाकरी-कोरड्यास घेऊन यायचा. तीन रविवार सोनाबाईवहिनींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, काही म्हटलं नाही. चौथ्या रविवारी त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "आवं, खोड राक्षसाला लावलीया का मला?" आप्पांनी तिथल्या तिथं नियम बदलला. नवी खोड अशी की कुणी ललकारलं तर राक्षसानं भिडायचंच, मागं फिरायचं नाही. गणपत त्या दिवसापासून वहिनींशी नीट बोलला नाही.

आम्हा यक्षांचं वेगळंच. यक्षाला कुठं काय दडलंय ते दिसतं, हा वर. पण सापडलेली वस्तू टाकून देता येत नाही, ही खोड. एका रविवारी विहीर समोर दिसायला लागली तेव्हा माझ्याजवळ तीन घागरी, एक जातं, दोन मेंढ्या आणि कुणाच्या तरी लग्नातला सनई-चौघडा होता. हलता येत नव्हतं.

मधे काही दिवस पाचवं कूळ होतं, वानरांचं. ते आप्पांनी आपण होऊन काढून टाकलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "वानरांत मारुतीराया हाय, टायमसाहेब. वर किती बी दीन. पर देवाला खोड कशी लावायची? आन खोड न्हाई तर जोड कशी बसंल?" 

नवा नियम सुचला की आप्पा तो आधी एकट्यानं तपासायचे. सतरंजीच्या चार कोपऱ्यांवर पाळीपाळीनं बसून चार आवाजांत बोलायचे. राक्षसाच्या कोपऱ्यातून ओरडायचे, उठून नागाच्या कोपऱ्यात जायचे आणि तिथून हळूच टोमणा मारायचे. चाळीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी हे पाहून भगताला बोलवा असं सुचवलं होतं. वहिनींना सवय झाली होती. त्या आतून नुसतं विचारायच्या, "आवं, कोन कोन जेवनार हाय?"

आप्पांचा खरा वैरी म्हणजे सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन ते गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्यांचे प्रमुख झाले होते. मूळचे साताऱ्याकडचे. मिशी अशी की हजेरीच्या खिडकीत मावत नसे. सुभेदार आप्पांची नियमांची वही लष्करी हुकमासारखी वाचायचे आणि हुकमात जिथं फट असेल तिथून बरोबर निसटायचे. आप्पा ओरडले की त्यांचं एकच उत्तर : "चालत न्हाई असं लिवलंय का? न्हाई ना? मग चालतंय."

सुभेदार नाग घ्यायचे. नाग थंडीत झोपतो, ही नागाची खोड. एकदा आप्पांच्या गोष्टीत डोंगरावर बर्फ पडलं. सुभेदारांनी जाहीर केलं, "मी यक्षाच्या घागरीत जाऊन झोपतो." यक्षाला सापडलेलं काही टाकता येत नाही, त्यामुळं मी त्यांना पाठुंगळीला मारून सगळा डोंगर चढलो-उतरलो. विहीर दिसल्याबरोबर ते घागरीतून बाहेर आले आणि जिंकले. माझा इतका संताप झाला की मी दोन दिवस फाटकावर त्यांना सलाम केला नाही. आप्पा मात्र आधी रागानं लाल झाले, मग उठून त्यांनी सुभेदारांच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारी वहीत नवीन ओळ होती : झोपलेला नाग दहा घागरींइतका जड.

अशी एकेक फट बुजत गेली. राक्षस, यक्ष, नाग तोलाला आले. अडलं ते मानवापाशी. वहीत त्याच्यापुढं लिहिलं होतं : बळ तीन, चपळाई तीन, अक्कल तीन. वर नाही. खोड नाही. हा मानव कुणालाच नको असायचा. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. ज्याच्या नावानं मानव निघे तो दुपारभर तोंड पाडून बसे. गणपतला एकदा मानव आला तर त्यानं पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी गेला.

सुभेदारांनी नोकरी सोडली आणि गावी परतायचं ठरवलं, तेव्हा आम्ही त्यांना ओट्यावरच निरोप दिला. चहा झाला. सुभेदार उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आप्पा, तुमचा ख्योळ लय भारी. छावनीत बी असला बघितला न्हाई. पर मानव तुमचा नापास हाय. इतक्या वर्सांत आपखुशीनं मानव घेतल्याला एक गडी दावा, मग म्हनीन जोड बसली."

आप्पांनी वही मांडीवर ओढली. मग ते बोलले ते हळू आवाजात. "दिवाळी झाली की तुमच्या गावाला येतो. तितं कुनी आपनहून मानव घेतला न्हाई, तर ही वही तुमच्या चुलीत घालीन. ज्यात एक जन कुनालाच नगो, त्यो ख्योळ कशाला ठिवायचा?"

आम्ही हसलो, पण आप्पा हसले नाहीत. त्यांच्या शब्दाची मला धास्ती होती. एकदा रागाच्या भरात ते चहा सोडला म्हणाले होते, त्यावर दोन वर्षं त्यांनी चहाचा घोट घेतला नव्हता. वहीत पाच वर्षांचे रविवार होते.

त्यानंतर मानवावर जे प्रयोग झाले ते मला बघवत नव्हते. त्यांनी मानवाला कुत्रा दिला. लगेच सगळ्यांना कुत्रा हवासा झाला, पण मानव नकोच. तलवार दिली तर गणपतनं ती पहिल्याच डावात हिसकावून घेतली. एका रविवारी मानवाला सासूही देऊन पाहिली. ती वर म्हणून दिली की खोड म्हणून, यावरच वाद झाला आणि खेळ तसाच राहिला.

एके दिवशी मी आप्पांची समजूत घालायला म्हणून चाळीत गेलो. आप्पा बाजारात गेले होते. वहिनी ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी सांगा. खेळ तो खेळ. वही जाळायची काय भाषा?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "भावजी, त्येंला नगा काय म्हनू. तरन्यापनी ह्येंला कुस्तीचा नाद हुता. तालमीत जायाचं, मेहनत करायचं. पर अंगाची ही अशी तऱ्हा. उंची बघून जोड लावावी तर म्होरला दुप्पट वजनाचा. वजन बघून लावावी तर म्होरलं पोरगं कमरंला लागायचं. पंच हात धरून मैदानभर फिरवायचं, हाय का कुनी म्हनून. कोन उठायचंच न्हाई. सात जत्रा केल्या. दर खेपंला कापडं काढायची, मैदान फिरायचं, आन परत कापडं घालून घरला. एक बी कुस्ती झाली न्हाई."

एवढं बोलून त्या पुन्हा पाखडायला लागल्या. मला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस मी राक्षस नाही म्हणून कुरकुरत होतो, आणि हा माणूस आपल्या खेळातून कुणी तसंच परत जाऊ नये म्हणून झोप घालवत होता. त्या दिवसापासून मी माझ्या यक्षपणाबद्दल त्यांच्यासमोर तक्रार केली नाही. मनातली गोष्ट वेगळी.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आप्पा हजेरीच्या खिडकीशी आले आणि कार्डाऐवजी वहीच आत सरकवली. मानवापुढं नव्यानं लिहिलं होतं : वर – कुणाकडंही मदत मागता येते, ज्याला मागितली त्यानं नाही म्हणायचं नाही, दोघांच्या कवड्या एकत्र धरायच्या. खोड – मानवाला एकट्याला कधीच जिंकता येत नाही. मी दोनदा वाचलं. म्हटलं, "आप्पा, हा वर आहे का खोड?"

"दोनी एकाच वळीत बसलंय," ते म्हणाले. "जागा बी वाचली." मागं रांग ओरडायला लागली होती.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी आप्पा, गणपत आणि मी पहिल्या एस. टी.नं साताऱ्याकडं निघालो. वही वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आप्पांनी मांडीवर धरली होती. कऱ्हाड गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आप्पा, मीच घेतो की मानव. कुणाला काय कळतंय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "तुमी घेऊ नगा. तुमी दया करून घ्याल. तसली जोड मला नगो."

सुभेदारांचं गाव साताऱ्याहून थोडं आत. सोप्यावर सतरंजी आधीच पसरलेली होती, आणि अंगणात चुलवणावर पाणी तापत होतं. सुभेदारांनी तिकडं बोट दाखवून सांगितलं, "जाळ तयार हाय, आप्पा." मला त्यांचा भयंकर राग आला. आप्पा नुसते म्हणाले, "आसू दे."

खेळ मांडला. गणपतनं नेहमीप्रमाणं विचारायच्या आत राक्षस घेतला. मी नाइलाजानं यक्ष. सुभेदारांनी चष्मा लावला, वही घेतली आणि मानवाचं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कुनाकडंबी?" त्यांनी विचारलं.

"कुनाकडंबी," आप्पा म्हणाले.

"आन त्येला न्हाई म्हनता येत न्हाई."

"न्हाई येत."

सुभेदारांनी चष्मा काढून त्याची घडी केली आणि तो खिशात ठेवला. "मग मानव माजा. नाग ठिवा बाजूला."

 मी गणपतकडं पाहिलं, गणपतनं माझ्याकडं. आप्पांनी वही परत घेऊन लुगड्याच्या तुकड्यात बांधली, गाठ मारली, आणि गाठ बसेना म्हणून पुन्हा सोडून मारली. मग भिंतीला टेकून डोळे मिटले. "तुमी आता नदीच्या काठाला आलायसा," त्यांनी सुरुवात केली. 

त्या दिवशीचा खेळ मी अजून विसरलो नाही. मानवानं माझी मदत घेऊन नदी ओलांडली, गणपतला ललकारून खिंडीत अडकवून ठेवलं आणि तो सगळ्यांच्या आधी डोंगराच्या दाराशी पोचला. पलीकडं विहीर. आप्पा म्हणाले, "दार दगडाचं. नऊ कवड्यांचं बळ लागंल, ते बी एकदाच टाकून. सहाच्या वर तर मानवाला एकट्याला पडत न्हाईत. कुनाकडं मागताय?"

बळाच्या कामात राक्षसाची एकेक कवडी दोन धरायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतनं बाह्या सारल्या. सुभेदार म्हणाले, "मी आप्पाची मदत मागतो."

आप्पांनी डोळे उघडले. "मी कुटं खेळात हाय? मी सांगनारा."

"कुनाकडंबी, असं लिवलंय. सांगनारा सोडून, असं लिवलंय का?"

आप्पांनी वहीची गाठ सोडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. पाच वर्षं सगळ्या फटी बुजवत आलेला माणूस, पण ही फट त्यांना कधी दिसलीच नव्हती. सुभेदारांना जत्रांची गोष्ट ठाऊक होती की नाही, मी पुढं कधी विचारलं नाही. ते नुसते बाजूला सरकले आणि सतरंजीवर जागा करून दिली. "न्हाई ना लिवलं? मग चालतंय. या, बसा."

आप्पा भिंत सोडून पुढं आले. त्यांचे लांब पाय सतरंजीवर मावेनात, ते दोनदा दुमडून बघितले. चौघं दाटीवाटीनं बसलो. सुभेदारांनी कवड्या टाकल्या, चार उताण्या पडल्या. मग त्या त्यांनी आप्पांच्या हातात दिल्या. एकटं बसून तपासताना आप्पांनी त्या हजार वेळा टाकल्या असतील, पण आज समोर माणसं होती. त्यांनी कवड्या मुठीत घोळवल्या, परत घोळवल्या, आणि टाकल्या.

एक उताणी पडली. बाकी पाच पालथ्या.

आता दार उघडलं की नाही हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, सांगणाराच खेळात आला होता. तिघं माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी आप्पांचं बसमधलं बोलणं ऐकलेलं होतं. मी म्हटलं, "चार आणि एक पाच. दार उघडलं नाही. मानव हरला."

"हरलो?" आप्पांनी विचारलं.

"हरलात, आप्पा."

मागून येऊन गणपतनं दार फोडलं आणि विहीर घेतली. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा सुभेदारांच्या हातावर टाळी देऊन असे हसत होते की अंगणातली माणसं बघायला आली.

परतीच्या गाडीत आप्पा खिडकी सोडून कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसले. त्या बिचाऱ्याला ना खेळ माहीत, ना कुळं. आप्पांनी त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. दार किती जाड होतं, सुभेदारांच्या कशा पडल्या, आपली पाचवी कवडी कशी उताणी होता होता पालथी झाली. कंडक्टरनं विचारलं, "मग शेवटी काय झालं?" आप्पांनी मान ताठ केली आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हरलो की. समोरासमोर बसून हरलो." सांगलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत निम्म्या गाडीला ठाऊक झालं होतं, की आमचे आप्पा आज हरून आलेत.